सहीचा हात

त्याची सही मी करायचे.
बेयोग्लूच्या एका गल्लीत, बटणांच्या दुकानावर तिसरा मजला,
खिडकीतून दिसायचं समोरच्या शिंप्याचं टक्कल.
तिथे बसून अकरा वर्षं
मी तारजान आल्कोर होते, सकाळी नऊ ते पाच.
जेवायची सुट्टी अर्धा तास.

पत्रं पोत्यातून यायची.
कार्सहून, मर्सिनहून, नकाशात नसलेल्या खेड्यांतून.
एकीनं केसांची बट पाठवली, एकीनं लोकरीचे मोजे
(माप तिच्या भावाचं असावं, ह्याच्या पायात शिरेनात),
एका म्हातारीनं वाळवलेले जर्दाळू, खाली एक ओळ:
पोरा, मागच्या पिक्चरमध्ये फार वाळलेला दिसलास.
जर्दाळू मी खाल्ले. उत्तरही मीच लिहिलं:
आई, आता बरा आहे.

तो स्वतः सही करायचा ती नुसती गिचमिड.
माझी देखणी. पहिलं अक्षर उंच,
शेवटी मागे वळणारा फराटा, निघताना हात हलवावा तसा.
निर्माता म्हणाला, शुकूफे, लोकांना तुझीच आवडते,
आणि एका दुपारी त्याला माझ्यासमोर बसवून
माझ्यावरून गिरवायला लावलं.
जीभ ओठांच्या कोपऱ्यात धरून तो गिरवत राहिला,
चुकला की मान वर करून बघायचा, रागावते का.
एवढाच काय तो मी त्याला पाहिला.
बाकीचा तुम्ही पाहिलात तेवढाच.

गुरुवारी साप्ताहिकाचा हाल्दुन यायचा.
पाय पसरून बसायचा, चहात साखरेचे तीन खडे.
ह्या आठवड्यात काय करूया, भांडण की साखरपुडा?
मी म्हणायचे, साखरपुडा गेल्या महिन्यात झाला.
मग भांडण, म्हणायचा, आणि माझ्याच टेबलावर लिहायचा
कुणी कुणाच्या थोबाडीत मारली, कुठल्या हॉटेलात.
शनिवारी ते वाचून माझी बहीण रडायची.
सख्खी बहीण. मी कुठे काम करते हे माहीत असून.

तो गेला तेव्हा मशिदीच्या अंगणात पाय ठेवायला जागा नव्हती.
कॅमेरेवाले झाडांवर.
पेटी उचलली तशा लोकांनी टाळ्या वाजवल्या,
जणू आतून तो वाकून दाद घेणार होता.
माझ्या शेजारी योझगातची एक बाई.
प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेला फोटो तिनं पर्समधून काढला.
बघा, म्हणाली, इथे शाई फुटलीय.
नवरा गेल्याचं मी कळवलं होतं ना,
सही करताना त्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं.

मी बघितलं.
फराटा माझा. आणि तो डाग,
चहाचा असेल. त्या उन्हाळ्यात पंखा बंद होता,
घामाचा असेल. की मला सर्दी होती?
कुणाच्या पत्रावर मी कधी रडले होते का,
आठवेना. रडलेही असेन.
रोज शंभर पत्रं, एखाद्यावर रडतंच माणूस.

हो, दिसतंय, मी म्हटलं.
तेवढ्यात एक पोरगा माईक घेऊन घुसला:
तुम्ही कोण त्यांच्या?
योझगातची बाई पुढे झाली. सगळं सांगितलं, नीट, न अडखळता.
रात्रीच्या बातम्यांत ती दिसली.
माझं कोपर दिसलं.

परवा बँकेनं माझा चेक परत केला.
सही जुळत नाही.
काउंटरवरची मुलगी म्हणाली, आजी, पुन्हा करा, सावकाश.
मी केली, सावकाश.
तिनं कागद उजेडात धरला, मग माझ्याकडे बघितलं,
मग म्हणाली, गंमत आहे,
माझ्या आईकडे अशीच एक आहे, फ्रेममध्ये.

पैसे मात्र दिले नाहीत.